साताऱ्याच्या थंडीत छोट्या बाल्कनीतली उष्ण प्रदेशातली झाडं कशी जपायची?

गोडोलीची बाल्कनी | १९ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात गोडोलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनी नऊ बाय चार फूट, तोंड दक्षिणेला, पुढे ग्रील, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. एवढ्याशा जागेत अ‍ॅग्लोनिमा, कॅलेथिया, अलोकेशिया, लाल अँथुरियम, फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ऑर्किड, कॅलेडियमच्या कुंड्या आणि एक जुनं अ‍ॅडेनियम आहे. घरात दोनच खोल्या. आतल्या खिडकीशी सासूबाईंची कॉट, त्यामुळे झाडं रोज आत-बाहेर करणं जमणारं नाही.

गेल्या आठवड्यापासून कडाका वाढलाय. पहाटे बाल्कनीत पारा ११ ला येतो आणि दुपारी त्याच जागी २८. परवा अ‍ॅग्लोनिमाच्या ग्रीलकडच्या पानांवर काळपट, तेलकट डाग दिसले. बोटाने चाचपलं तर तिथं पान मऊ लागतं, कड मात्र अजून हिरवी आणि टणक आहे. त्याच कुंडीतली भिंतीकडची पानं अगदी स्वच्छ. कॅलेथियाची पानं दुपारीसुद्धा गुंडाळलेली राहतात आणि माती तर ओलीच आहे.

नेटवर बघितलं तर सगळे व्हिडिओ परदेशातले. तिकडे बाहेर बर्फ, म्हणून हीटर, चोवीस तास १८ अंश, काचेचं घर. आपल्याकडे दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे हुडहुडी भरते. या हवेला धरून काय करावं, ते अनुभवी लोकांनी सांगावं. झाडं फार जिव्हाळ्याची आहेत.

---

पाचगणी नर्सरी | १९ डिसेंबर, रात्री १०:०२

ताई, डाग थंडीचेच आहेत. बुरशी समजून औषध मारू नका.

ही झाडं गोठून मरत नाहीत. गोठायला शून्य लागतो आणि आपल्याकडे तो महाबळेश्वरला वेण्णा लेक, लिंगमळा अशा खोलगट जागी एखाद्या पहाटे येतो. यांना १०-१२ अंशांतच मार बसतो. पेशीच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात, ते गारठ्याने घट्ट होतात. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं, तशातला प्रकार. आवरण बिघडलं की आतलं पाणी पाझरतं आणि पान तेलकट दिसायला लागतं. डाग त्याच दिवशी दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी वर येतात. म्हणजे आज दिसतंय ते मागच्या गार रात्रीचं आहे.

मुळंही गारठतात, मग ओल्या मातीतलं पाणी त्यांना ओढता येत नाही. कॅलेथियाचं तेच झालंय. पानं वळलेली बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजतात. पाणी आता थांबवा.

अंदाजाने सांगतो. कॅलेथिया, अँथुरियम, फॅलेनॉप्सिस यांना रात्री १५-१६ च्या खाली नको. अ‍ॅग्लोनिमाला १३ च्या खाली डाग पडायला लागतात. बाजारात मिळणारं थाई डेंड्रोबियम १५ च्या वर खूश असतं, १२ च्या खाली पानं टाकतं. मॉन्स्टेरा, मनीप्लांट १० पर्यंत तग धरतात. अलोकेशिया आणि कॅलेडियम झोपी जाणारी झाडं, त्यांचं नंतर सांगतो. अ‍ॅडेनियमचं पाणी बंद करा, पानं गळाली तरी हरकत नाही, फक्त माती कोरडी हवी आणि दव पडू देऊ नका.

डागाळलेली पानं आत्ता कापू नका. हिरवा भाग अजून कामाचा आहे.

---

निवृत्त मास्तर, सातारा | २० डिसेंबर, सकाळी ७:३५

भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, शिवाय घरात ऑर्किडं आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताईंनी एक गोष्ट फार नेमकी टिपली आहे. डाग ग्रीलकडच्या पानांवर आहेत, भिंतीकडच्या पानांवर नाहीत. हवा तर दोन्हीकडे ११ अंशांचीच होती. फरक आहे तो आकाशाचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आकाश दिसणारी प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर फेकत असते. उघड्यावरचं पान हवेपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त गार होऊ शकतं. वेण्णा लेकला पारा चार-पाच अंशांवर असतानाही गवतावर, गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, त्याचं कारण हेच. म्हणजे तुमची ग्रीलकडची पानं ११ नाही, कदाचित ८-९ अंशांत होती.

म्हणून पहिलं काम: झाडांना रात्री आकाश दिसू देऊ नका. संध्याकाळी ग्रीलला आतून जुनी चादर, गोणपाट किंवा जुन्या बॅनरचा फ्लेक्स सोडा. नुसता पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद लावून हे काम पुरतं होत नाही, कारण साध्या पॉलिथिनमधून ही उष्णता बरीचशी आरपार जाते. कागद वारा अडवतो, चादर आकाश अडवते. दोन्ही हवेत.

दुसरं काम म्हणजे दिवसाची ऊब साठवणं. आपल्याला २८ अंशांची दुपार रोज फुकट मिळते. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४९ अंश उंचीवर असतो. तुमचा स्लॅब नऊ फुटांवर असेल आणि बाल्कनी चार फूट खोल, तर ऊन सगळी फरशी व्यापून मागच्या भिंतीवर जवळजवळ साडेचार फुटांपर्यंत चढतं. उन्हाळ्यात ते तिथं फिरकतसुद्धा नाही. दक्षिणेची बाल्कनी म्हणजे हिवाळ्यातलं भाग्य समजा. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. नाजूक झाडं तिच्यालगत आणा.

बाकीचं संध्याकाळी लिहितो.

---

तासगावचा द्राक्षबागायतदार | २० डिसेंबर, दुपारी १:२०

मास्तर, नमस्कार. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात द्राक्षबागांना हीच काळजी असते. पारा १० च्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, वेल गप्प होते, भुरी हा बुरशीचा रोग डोकं वर काढतो. मग आम्ही पहाटे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी सोडतो. खोलातलं पाणी थंडीतसुद्धा कोमट लागतं, त्याला हात लावून बघा. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते. बांधावर पाचट, पालापाचोळा पेटवून धूर करतात, तोही उपाय जुना आहे.

पण कुंडीला हा हिशेब उलटा लागू पडतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. जमीन खोल असते, तिचा ऊबसाठा मोठा. कुंडीत मूठभर माती. ती ओली करून रात्री ठेवली की बाष्प उडून उलट गारठते. मातीच्या कुंडीत तर जास्तच, कारण तिच्या सगळ्या अंगातून ओल उडते. म्हणून ताई, पाणी द्यायचं तर सकाळी दहा-अकराला द्या आणि टाकीतलं बर्फासारखं नको, बादलीत उन्हाला ठेवून कोमट झालेलं द्या. संध्याकाळी वरची माती कोरडी दिसली पाहिजे.

---

बेडगची लेक | २० डिसेंबर, दुपारी ३:४५

माझं माहेर मिरज तालुक्यात, पानमळ्याचं गाव. नागवेल ही तुमच्या यादीतल्या झाडांच्याच हवेतली: दमट, उबदार, वारा नको, थेट ऊन नको. तरीही आमच्या कोरड्या भागात लोक ती पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेत, ते मळ्याच्या बांधणीमुळे. आत शेवरी, शेवगा, पांगारा यांची दाटी, त्यावर वेल चढवलेली. वर पानांचं छत. कडेने ताट्या बांधून वारा अडवलेला. थंडीच्या सकाळी बाहेरच्या शेतातून मळ्यात पाय टाकला की अंगावरचा काटा जातो. आत हवा वेगळीच, जड आणि ओलसर.

माझे वडील म्हणायचे, वेलीला मुळात उघडं ठेवू नये, मग पेटवायची वेळच येत नाही. मास्तरांनी सांगितलं तेच हे. झाडं सुटी सुटी मांडू नका, पानाला पान लागेल अशी दाटीने ठेवा. मॉन्स्टेरासारखी थोराड बाहेरच्या बाजूला, कॅलेथिया मधे. दाटीत आपोआप ओलावाही टिकतो. डिसेंबरात दुपारी साताऱ्याची हवा फार कोरडी असते, पानांच्या कडा करपतात त्या बऱ्याचदा त्यामुळेच.

---

कोरेगावकर | २० डिसेंबर, सायंकाळी ५:३०

एवढं कशाला? बाल्कनी प्लास्टिकने बंद करा आणि रात्री कोळशाची शेगडी ठेवा. आमच्या पोल्ट्रीत लहान पिलांना आम्ही असंच करायचो. एक शेगडी रात्रभर पुरते.

---

पाचगणी नर्सरी | २० डिसेंबर, सायंकाळी ५:४८

दादा, असं करू नका आणि कुणाला सांगूही नका. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. ताईंच्या बाल्कनीचं दार घरात उघडतं आणि आत सासूबाई झोपलेल्या असतात. दरवर्षी थंडीत खोलीत शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात.

झाडांनाही ते मानवत नाही. जळणाऱ्या कोळशातून, रॉकेलच्या दिव्यातून इथिलीन निघतो. ऑर्किडच्या कळ्या त्याने पिवळ्या पडून गळतात. त्याच कारणाने पिकती केळी आणि सफरचंदं फॅलेनॉप्सिसजवळ ठेवू नयेत. घरात जागा कमी असली की फळांची टोपली आणि ऑर्किड शेजारी शेजारी येतात, तेवढं बघा.

---

कोरेगावकर | २० डिसेंबर, सायंकाळी ६:१५

मान्य. आमचं शेड मोठं आणि बाजूने उघडं असायचं, घराला लागून नव्हतं. ताई, शेगडीचं सोडून द्या. पिलांना बल्बही लावायचो, तो चालेल का ते मास्तर सांगतील.

---

निवृत्त मास्तर, सातारा | २० डिसेंबर, रात्री ८:५०

चालेल, पण हिशेब करून.

सगळी बाल्कनी गरम करायच्या फंदात पडू नका. नाजूक तेवढी झाडं एका छोट्या मांडणीत आणा आणि तेवढीच मांडणी गुंडाळा. समजा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, पाच फूट उंच असा लोखंडी रॅक. त्याचं सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६२ चौरस फूट, म्हणजे साधारण पावणेसहा चौरस मीटर. एकेरी प्लास्टिकच्या कागदातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला, सुमारे ६ वॅट ऊब निसटते. मग ६० वॅटचा पिवळा बल्ब आत लावला तर तापमान जेमतेम पावणेदोन अंश वाढेल. तोच कागद दुहेरी केला, मधे बोटभर हवा ठेवली, तर गळती ६ वरून ४ वर येते आणि त्याच बल्बने अडीच अंश मिळतात. बबल शीट वापरली तरी असाच फायदा. म्हणजे दुसरा बल्ब लावण्याआधी दुसरा कागद लावावा. कागदाला वीज लागत नाही.

आता पाण्याकडे वळा. २० लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना सुमारे ८४० किलोज्यूल उष्णता सोडतं, म्हणजे पाव युनिटला थोडी कमी. दहा तासांत ती सुटली तर सरासरी २३ वॅट. असे दोन कॅन ठेवलेत की ४० वॅटच्या बल्बपेक्षा थोडी जास्तच ऊब झाली, तीही विजेशिवाय. कॅनना बाहेरून काळा रंग द्या आणि दिवसभर भिंतीशी उन्हात ठेवा.

तुमच्या इमारतीवर सोलर असेल तर याहून सोपं. संध्याकाळी कॅनमध्ये ५० अंशांचं पाणी भरा, वर गोणपाट गुंडाळा म्हणजे ऊब एकदम न सुटता पहाटेपर्यंत पुरेल. झाडाच्या पानाला किंवा कुंडीला कॅन टेकू देऊ नका. सकाळी ते पाणी धुण्याभांड्याला वापरता येतं.

साताऱ्यात खरी अडचण पहाटे तीन ते सात एवढ्याच वेळाची असते. सर्वांत गार क्षण सूर्योदयाच्या आसपास. चोवीस तास १८ अंश राखायची आपल्याला गरजच नाही. दुपारी मिळालेली ऊब तेवढ्या चार तासांपर्यंत पोचवायची, मग रोपं निभावून जातात.

---

शनिवार पेठेतली खोली | २० डिसेंबर, रात्री ११:०५

मी भाड्याच्या एका खोलीत राहतो, बाल्कनीच नाही. माझ्याकडे फिटोनिया, छोटे नेचे आणि बारीक कॅलेथिया जुन्या फिश टँकमध्ये आहेत. वर काच सरकवून झाकण केलंय. आतली ओल आतच फिरते, पंधरा-पंधरा दिवस पाणी लागत नाही.

ही युक्ती जुनी आहे. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता, त्यातल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालता वाढत राहिला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून जहाजाने पाठवलेली रोपं सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली, तीही वॉर्डच्या पेट्यांतून. समुद्रातले महिने निघाले, मग आपल्या खोलीतली एक थंडी सहज निघेल.

गरम करायला मी फिश टँकचाच ५० वॅटचा हीटर वापरतो, पण टँकमध्ये नाही. एका छोट्या बादलीत पाणी भरून त्यात हीटर पूर्ण बुडवलाय, थर्मोस्टॅट २४ वर. बादली टँकच्या शेजारी, दोन्हींवर मिळून चादर. पाणी गरम राहतं, वाफेने हवाही ओलसर राहते आणि बल्बसारखी पानं करपत नाहीत. पाणी कमी होऊन हीटर उघडा पडला तर काच तडकते, त्यामुळे रोज पातळी बघावी लागते.

---

निवृत्त मास्तर, सातारा | २१ डिसेंबर, सकाळी ६:५८

उत्तम कल्पना. एक मात्र कळकळीने सांगतो. ओल्या जागी वीज नेताना त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, अर्थिंग नीट हवं, वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटमध्ये उतरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर ठेवू नका. बल्ब लावलात तर कागदापासून आणि पानांपासून वीतभर लांब, आणि भोवती जाळी. वायरमनकडून करून घ्या.

---

गोडोलीची बाल्कनी | २१ डिसेंबर, दुपारी २:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच ग्रीलला चादर सोडली आणि झाडं भिंतीशी दाटीने लावली. आज पहाटे ग्रीलबाहेर ११ आणि झाडांत १३.५. नुसत्या चादरीने आणि भिंतीने! इमारतीवर सोलर आहे, त्यामुळे कॅनची युक्ती आजपासून करते. रॅक घरातच आहे, त्याला बबल शीट लावू म्हणते.

आता प्रश्न. रॅक दिवसाही बंदच ठेवायचा का? फॅलेनॉप्सिसला दांडा येत नाहीये, तो उबेत येईल का? आणि कॅलेडियमची पानं एकेक करून लोळतायत, त्यांना कसं वाचवू?

---

पाचगणी नर्सरी | २१ डिसेंबर, सायंकाळी ४:१०

दिवसा उघडाच, आणि हे अजिबात विसरायचं नाही. उन्हात बंद कागदाचं छोटं घर अकराच्या सुमारासच ४० च्या वर जातं. झाडं थंडीने जेवढी मरत नाहीत तेवढी अशी शिजून मरतात. आम्ही पॉलिहाउसला रोज हेच करतो: सकाळी ऊन नीट वर आलं की बाजूचे पडदे वर, दुपारी चार-साडेचारला ऊन मऊ झालं की खाली. आतली ऊब असतानाच पडदा पडला पाहिजे. सूर्य बुडाल्यावर बंद केलात तर गार हवा कोंडली जाते. तुम्ही नोकरीला जात असाल तर निघताना वरचा भाग अर्धा उघडा ठेवा आणि वरून हिरवी शेडनेट टाका. चारला सासूबाईंना एक पडदा ओढायला सांगितलंत तरी काम होतं.

सकाळी उघडल्यावर कागदाच्या आत थेंब दिसतील. ते पुसून घ्या. थेंब पानांच्या बेचक्यात, ऑर्किडच्या मध्यभागी साचले की तिथून कूज सुरू होते. फॅलेनॉप्सिस थोडं तिरकं ठेवलं की पाणी आपोआप निघून जातं. आठवड्यातून एकदा पानं उलटून बघा. बंद उबेत पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी लपून वाढतात. बारीक जाळं दिसलं की ओल्या कापडाने पुसा आणि निमतेलाची फवारणी करा, तीही सकाळी.

दांड्याचं म्हणाल तर फॅलेनॉप्सिसला थोडा गारवा हवाच असतो. रात्री १६-१८ अंश तीन-चार आठवडे मिळाले की दांडा निघतो. मुंबईच्या उबेत लोक वाट बघत बसतात, साताऱ्यात तो सहज येतो. तेव्हा त्याला रॅकमधे अगदी उबेच्या कॅनजवळ ठेवू नका, वरच्या कप्प्यात कडेला ठेवा. दांडा निघताना कोवळ्या मुळासारखाच दिसतो, पण टोक चपटं आणि हिरवं असतं. दिसला की कुंडी फिरवू नका, दांडा उजेडाकडे वळतो.

आणि कृपा करून कासच्या रस्त्याला, यवतेश्वरच्या झाडांवर दिसणारी आमरी, म्हणजे रानातली ऑर्किडं, उपटून आणून त्याच रॅकमधे कुणी ठेवू नये. ती इथल्याच थंडी-पावसात वाढलेली आहेत, त्यांना तुमच्या उबेची गरज नाही आणि कुंडीत ती टिकत नाहीत.

---

हळदीच्या गावची | २१ डिसेंबर, रात्री ९:२५

कॅलेडियमचं मी सांगते, मी हरिपूरची. ताई, ते वाचवायचं नाहीच, झोपू द्यायचं. आमची हळद बघा. पावसाळाभर कमरेएवढी वाढते आणि थंडीत पानं पिवळी पडून जमिनीला टेकतात. हळदवाला घाबरत नाही, कंद तयार झाला असं म्हणतो. कॅलेडियमचं तेच. आता पाणी हळूहळू तोडा. पानं पूर्ण वाळली की कुंडी आडवी करून कंद काढा, चार दिवस सावलीत सुकवा, कोरड्या कोकोपीटमधे किंवा वाळूत कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, घाम धरते. जागा मात्र १५ अंशांच्या वर हवी. घरातला माळा किंवा कपाटाचा वरचा कप्पा छान.

आमच्याकडे पूर्वी हळद पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद, वर बंद. जमिनीच्या पोटात ना उन्हाळा कळतो ना हिवाळा, म्हणून माल वर्षानुवर्षं चांगला राहायचा. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी फार नुकसान केलं. लहानपणी आजोबांबरोबर पेव उघडताना पाहिलंय. आधी काही वेळ उघडं ठेवायचे, मग दिवा आत सोडून बघायचे, विझला नाही तरच माणूस उतरायचा. त्यांची ती शिस्त आजही आठवते.

अलोकेशियाला एखादं पान राहिलं तर राहू द्या, पाणी अगदी घोटभर. कंद कुंडीतच ठेवला तरी चालतो. कुंडी फरशीवर नको.

---

बेडगची लेक | २२ डिसेंबर, सकाळी ८:१५

फरशीचं हरिपूरच्या ताईंनी बरं काढलं. शहाबादी फरशी पहाटे पायाला झोंबते, तीच कुंडीच्या बुडाला लागते. जुने पाट, थर्माकोलचे तुकडे, घडी घातलेलं बारदान, काहीही चालेल. भोक बंद होणार नाही एवढं बघा. मातीच्या कुंडीला बाहेरून बारदान गुंडाळलं तरी मुळं उबदार राहतात. पान गेलं तर परत येतं, मुळं गेली की संपलं.

---

गोडोलीची बाल्कनी | ३ जानेवारी, सकाळी ७:२०

कडाका वाढलाय, म्हणून आकडे लिहिते. आज उजाडताना ग्रीलबाहेर ९. चादरीच्या आत, रॅकबाहेर १२. रॅकमध्ये, सोलरच्या पाण्याचे दोन कॅन गोणपाटात गुंडाळून, १५.५. बल्ब अजून लावलेला नाही. थर्मामीटर पानांच्या उंचीला टांगलाय, किमान-कमाल दोन्ही आकडे धरून ठेवणारा आहे, म्हणून पहाटे उठावं लागत नाही.

अ‍ॅग्लोनिमावर नवीन डाग नाहीत, जुने डाग सुकून तपकिरी झालेत आणि मधून एक नवं पान गुंडाळी सोडतंय. कॅलेथियाची पानं रात्री उभी राहतात आणि सकाळी आडवी होतात, म्हणजे पुन्हा हलायला लागलीत. कुंड्या उचलून बघते, हलकी लागली तरच पाणी. सासूबाईंनी चारच्या पडद्याचं काम आपलं म्हणून घेतलंय आणि एक दिवसही चुकवलेला नाही.

दोन शंका. खत कधीपासून द्यायचं? आणि हे सगळं आवरायचं केव्हा?

---

तासगावचा द्राक्षबागायतदार | ३ जानेवारी, दुपारी १२:४०

९ वरून १५.५! आमच्या बागेत एवढा फरक मिळाला असता तर काय हवं होतं.

खताची घाई नको. झाड चालत नसताना युरिया किंवा शेणखत दिलं तर ते मातीत पडून राहतं, मुळांना भाजतं आणि कोवळा फुटवा आला तर त्यालाच थंडी आधी धरते. फुटवा दिसेपर्यंत नुसतं पाणी.

---

पाचगणी नर्सरी | ३ जानेवारी, रात्री ९:००

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, त्या सुमारास आवरायला घ्या. पण तिथीवर न जाता थर्मामीटरवर जा. चादरीबाहेर सलग आठवडाभर पहाटे १५ दिसले की आधी कॅन बंद, मग चार-पाच दिवसांनी बबल शीट, सगळ्यात शेवटी चादर. एकदम सगळं काढू नका. फेब्रुवारीत एखादी गार रात्र परत येते.

आणखी एक. तोवर सूर्य वर सरकलेला असतो आणि उन्हाची धार वाढलेली असते. रॅकच्या सावलीत मऊ झालेली पानं एकदम उघडी पडली की करपतात. चादर काढली की त्याच दिवशी हिरवी शेडनेट लावा. हलकं खत नवं पान उलगडल्यावर, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीने. अ‍ॅडेनियमला टोकाशी हिरवे कोंब दिसले की पहिलं पाणी. कॅलेडियमचे कंद गुढीपाडव्याच्या आसपास लावा, डोळा वर करून, दीड-दोन इंच खोल. तेव्हाची साताऱ्याची माती त्यांना पुरेशी उबदार असते.

---

हळदीच्या गावची | ३ जानेवारी, रात्री ९:३५

लावण्याआधी प्रत्येक कंद दाबून बघा. टणक तो ठेवा. मऊ लागला तर तेवढा भाग स्वच्छ सुरीने कापून, कापाला राख लावून, दोन दिवस सुकवून मग लावा. मोठ्या कंदाचे डोळे बघून दोन-तीन तुकडे केलेत तर शेजारणींनाही देता येतील.